ताप सांगता येतो, खाज नाही

आमच्या शाळेत शिशुवर्गाच्या बाईंना सगळे थर्मामीटर म्हणायचे, आणि ते त्यांना ठाऊक होतं. कुठलीही साथ आली की ती आधी त्यांच्या अंगावर उमटायची, मग बाकीच्या जगात पसरायची. शिपाईमामा सकाळी गेट उघडताना विचारायचे, "काय बाई, आज पारा किती?" बाई नाकाला रुमाल लावून बोटांनी खूण करायच्या, थोडासा. मी शेजारी, शिशुवर्गाच्याच दुसऱ्या तुकडीवर होते. आमच्यामध्ये एक लाकडी पार्टिशन होतं, छतापर्यंत न पोचणारं, त्यामुळे त्यांची शिंक मला आणि माझी ओरड त्यांना ऐकू जायची. गोष्ट त्यांची आहे. मीही तिच्यात आहे, फार शोभेच्या जागी नाही, हे आधीच सांगून टाकते.

नोकरीच्या पहिल्या वर्षात त्यांना अकरा वेळा सर्दी झाली. दुसऱ्या वर्षी गालगुंड. नेमका त्याच आठवड्यात शाळेचा गटफोटो निघाला. फोटो चौकटीत बसवायला ज्या दुकानात गेला, तिथल्या तरुण फ्रेमवाल्याने विचारलं, "ह्या कोण, गालात लिंबू ठेवून बसलेल्या?" पुढे त्याच फ्रेमवाल्याशी त्यांचं लग्न झालं. मग कांजिण्या झाल्या, डोळे आले, ते आणखी तीनदा आले, आणि दर थंडीत असा खोकला लागायचा की सुट्टी लागल्याशिवाय हटायचा नाही. हातापायांवर आणि तोंडात फोड येणारा तो लहान मुलांचा ताप तर त्यांना दोनदा येऊन गेला. फ्रेमवाले म्हणायचे, "लोक घरी येताना खाऊ आणतात, ही मला रोज एक नवीन दुखणं आणते."

यात नवल काही नव्हतं. पाच वर्षांचं मूल काही सांगायला आलं की आधी जवळ येतं, मग आणखी जवळ येतं, आणि सांगायचं काय ते विसरलं की तोंडावर खोकतं. नाक पुसायला त्याला स्वतःच्या बाहीपेक्षा बाईंची बाही मऊ लागते. आम्ही बाकीच्या जणी दोन पावलं मागे सरकायला शिकलो होतो. ह्या सरकायच्या नाहीत. त्यांची शिकवायची रीतच तशी होती. मुलाच्या मागे बुटक्या बाकावर बसायचं, त्याची मूठ आपल्या मुठीत घ्यायची आणि अक्षर गिरवून घ्यायचं. एकेका मुलामागे दहा-दहा मिनिटं, रोज. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलाचं अक्षर चौथीत गेलं तरी ओळखू यायचं. आपलं मूल त्यांच्याच वर्गात जावं म्हणून पालक वशिले लावायचे.

आजारपणाचा त्यांना थोडा तोराच होता म्हणा ना. ताप असला तर त्या स्टाफरूममध्ये आकडा सांगायच्या. खोकला असला तर खोकून दाखवायच्या. "मुलांत राहायचं तर मुलांचं दुखणं अंगावर घ्यावंच लागतं," असं माझ्याकडे बघून म्हणायच्या. त्या रजेवर गेल्या की त्यांची वीस मुलं माझ्या वीस मुलांत येऊन बसायची, आणि मी मनातल्या मनात त्यांच्या नाकाचा उद्धार करायचे.

सव्विसाव्या वर्षी, थंडीत, त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली.

आधी त्यांना वाटलं खडूने असेल. मग वाटलं, थंडीने कातडी उलली असेल. मग मनगटाला, कमरेला, काखेत बारीक पुरळ आलं, आणि अंथरुणाला पाठ टेकली की अंगभर मुंग्या सोडल्यासारखं व्हायला लागलं. हे काय आहे ते आठवड्याभरात त्यांच्या लक्षात आलं, कारण सव्वीस वर्षं त्या स्वतःच ते शिकवत होत्या. वर्गात आरोग्याचा एक तक्ता होता. त्यावर एक मळकट मुलगा दोन्ही हातांनी अंग खाजवत उभा होता आणि त्याच्या डोक्याभोवती माश्या होत्या. खाली लिहिलं होतं, खरूज. "जो अंघोळ करत नाही त्याला काय होतं?" बाई विचारायच्या. "खरूऽऽज!" मुलं ओरडायची. "मग आपण त्याला काय म्हणायचं?" "शीऽऽ!" पार्टिशनच्या अलीकडे मला ते वर्षातून एकदा ऐकू यायचं, आणि माझीही मुलं इकडून सूर मिळवायची.

"ताप सांगता येतो गं," त्या पुढे मला म्हणाल्या. "खाज नाही सांगता येत. ताप आला म्हटलं की लोक विश्रांती घ्या म्हणतात. खरूज झाली म्हटलं की लोक खुर्ची बदलतात."

गल्लीतला औषधवाला ओळखीचा होता. म्हणून त्या बसने चार थांबे पुढे गेल्या आणि तिथल्या दुकानदाराला म्हणाल्या, "शेजारच्या पोराच्या हाताला खाज सुटलीय. काहीतरी द्या."

"केवढा आहे?"

"पाच वर्षांचा."

त्याने एक चिमुकली ट्यूब दिली, थोडं थोडं लावा म्हणाला. बाईंनी घरी येऊन बोटांना थोडं थोडं लावलं. कमरेला लावलंच नाही, कारण शेजारच्या त्या नसलेल्या पोराच्या फक्त हातालाच खाज होती. तीन दिवस बरं वाटलं. चौथ्या दिवशी दुपटीने उसळलं.

एव्हाना फ्रेमवालेही खाजवायला लागले होते. मुलगा नोकरीसाठी दूर, घरात ही दोघंच. "काचेचा भुगा असणार," ते दंड चोळत म्हणाले. "दिवसभर काच कापतो, जाणार कुठे?"

"तेच असेल," बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातला साबण बदलला, म्हणजे भुगा नाही तर निदान साबणावर तरी खापर फोडता येईल.

शाळेत त्या स्वेटरच्या बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत ओढून बसायच्या. थंडीच होती, कोणाला काही वाटलं नाही. मुलांचे हात धरणं त्यांना थांबवता आलं असतं. रोज सकाळी त्या ठरवायच्या की आज नाही धरायचा. पण थांबवलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, का थांबवलं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्या पालकांना वर्ग दाखवायला आणायच्या तेच मुळी ती गिरवणी बघायला. म्हणून बाई हात धरत राहिल्या. बाही पुढे ओढायच्या, पण पेन्सिल धरायला बोटं बाहेर काढावीच लागतात.

त्यांच्या वर्गात एक मुलगी डाव्या हाताने लिहायची. तिला सगळे डावरी म्हणायचे, तीही कोणी नाव विचारलं की तेच सांगायची. गोल चेहऱ्याची, पुढचे दोन दात पडलेली, आणि बोलताना त्या फटीतून शिट्टी वाजायची. तिची आई लॉन्ड्रीत कामाला होती. डाव्या हाताला वळण लावायचं म्हणजे बाईंना सगळंच उलटं करावं लागायचं, म्हणून डावरीचा हात त्यांच्या हातात सगळ्यांत जास्त वेळ असायचा. बाईंना खाज सुटल्यावर तीनेक आठवड्यांनी डावरी मनगट बाकाच्या कडेवर घासायला लागली.

मग एका सोमवारी घड्याळांच्या दुकानाचे मालक बाईंच्याच वर्गातल्या आपल्या मुलाला घेऊन शाळेत आले. मुलाची बाही वर करून त्यांनी मोठ्या बाईंच्या टेबलावर त्याचा हात ठेवला, दुरुस्तीला आलेलं घड्याळ ठेवावं तसा. "आमच्या घरात असलं कधी झालेलं नाही. हे वर्गातून आलंय. कोणी आणलं ते मला कळलं पाहिजे."

मी तेव्हा हजेरीपट द्यायला तिथे आले होते. मोठ्या बाईंनी बाईंना बोलावून घेतलं.

"वर्गात कोण खाजवतं?"

बाई हाताची घडी घालून, बोटं काखेत लपवून उभ्या होत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत त्या म्हणाल्या, "डावरी खाजवते. बरेच दिवस झाले."

"लॉन्ड्रीवालीची ना?" मालक म्हणाले. "मग प्रश्नच मिटला. साऱ्या जगाची घाण तिथे येते."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो, मीही पाहिलंय तिला खाजवताना."

आमच्या दोघींच्या बोलण्यात एक शब्दही खोटा नव्हता. पुढे कित्येक दिवस बाई स्वतःशी तेच घोकत होत्या असं त्या म्हणाल्या. मी खोटं बोलले नाही, मी खोटं बोलले नाही. विचारलं कोण खाजवतं, मी सांगितलं कोण खाजवतं.

डावरीच्या दप्तरात चिठ्ठी घातली गेली, अंग पूर्ण बरं झाल्याचा डॉक्टरांचा दाखला आणेपर्यंत पाठवू नये. तिला गेटपर्यंत सोडायचं काम माझ्याकडे आलं. एरवी मी मुलांना हाताला धरून नेते. त्या दिवशी मी तिच्या फ्रॉकच्या बाहीचं टोक धरलं, दोन बोटांच्या चिमटीत.

"मी काय केलं?" तिने विचारलं.

"काही नाही गं. बरं वाटलं की ये."

"मला बरंच आहे की."

आम्ही परतलो तेव्हा, म्हणजे मी परतले तेव्हा, शिपाईमामा तिचा बाक फिनेलने पुसत होते आणि बाकीची एकोणीस मुलं भिंतीला चिकटून बघत होती. कोणीतरी हळूच "शीऽऽ" म्हणालं. बाई फळ्याकडे तोंड करून काहीतरी पुसत होत्या. फळ्यावर काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना डावरीची आई आली. कामावरून तशीच आली होती, एप्रनसकट. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते, वाफेने आणि गरम पाण्याने. व्हरांड्यात मुलांना न्यायला आलेल्या वीसेक बायका उभ्या होत्या. तिने चिठ्ठी उघडून धरली.

"मी इस्पितळाच्या चादरी उकळते," ती म्हणाली. "रोज दीडशे. घाण काय असते आणि ती कशी काढतात ते मला शिकवू नका. माझ्या घरात पाच माणसं एका खोलीत झोपतात. पोरीला झाल्यावर मला झालंय, त्याच्या आधी एकाच्याही अंगावर दाणा नव्हता. मग हिने घरून आणलं कसं?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "हे बघा, तुमच्यावर आरोप नाही. बाकीच्या मुलांचा विचार करावा लागतो."

"माझी मुलांत येत नाही का?" मग ती बाईंकडे वळली. "बाई, तुम्ही सांगा. तुम्ही तिला जवळ घेऊन बसता. माझी पोर कधी घाणेरडी आली होती का शाळेत?"

डावरी रोज धुतलेल्या, इस्त्री केलेल्या कपड्यांत यायची. अख्ख्या वर्गात तेवढी कडक कॉलर दुसऱ्या कोणाचीच नव्हती. बाईंनी तोंड उघडलं. वीस बायका बघत होत्या. "तसं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे... माझ्या लक्षात नाही."

त्या आईने चिठ्ठीची नीट चौकोनी घडी घातली, चादरीची घालतात तशी, आणि निघून गेली.

डावरी घरी बसली, पण खाज काही घरी बसली नाही. आठवड्याभरात वर्गातली आणखी चार मुलं खाजवायला लागली. मालक पुन्हा येऊन गेले. कोणी म्हणे बाक जाळा, कोणी म्हणे भिंतींना चुना द्या.

आणि त्याच आठवड्यात फ्रेमवाले काचेच्या भुग्याला कंटाळून एकटेच डॉक्टरांकडे गेले. संध्याकाळी घरी आले तेव्हा बाई भांडी विसळत होत्या.

"अगं, ती डॉक्टरीणबाई हसली मला. म्हणे काच नाही न बिच नाही, साधी खरूज आहे. घरात आधी कोणाला झाली असं विचारत होती. मी म्हटलं, कोणालाच नाही. बरोबर ना?"

बाईंनी नळ बंद केला, हात पुसले आणि पुढे केले. फ्रेमवाल्यांनी चष्मा लावला. चरा गेलेली काच उजेडात धरून बघतात तसे ते बराच वेळ एकेक बेचकी बघत राहिले.

"कधीपासून?"

"दीड महिना होऊन गेला."

"आणि ती डावऱ्या हाताची पोर? जेवताना सांगितलंस ती?" बाईंनी शाळेतली बातमी म्हणून हे सगळं घरी सांगितलं होतं, स्वतःचा भाग वगळून.

"तिला नंतर झाली."

फ्रेमवाले स्टुलावर बसले. "मला काचेचा भुगा म्हणू दिलंस ते सोड. मी मोठा माणूस आहे, खाजवीन. पण त्या पोरीच्या डोक्यावर खापर फोडताना तुझी जीभ कशी गं वळली?"

"कोणीतरी विचारलं असतं तर मी..."

"कोण विचारणार? थर्मामीटरला कोणी विचारतं का, तुला ताप आहे का म्हणून?"

आपला नवरा आपल्याला त्या नावाने ओळखतो हे त्यांना तेव्हा कळलं. त्या रडल्या नाहीत. रडायचा आपल्याला हक्क नाही असं वाटलं, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. ती तरुण होती, भराभर लिहीत होती. "अंघोळीचा ह्याच्याशी काही संबंध नाही," ती म्हणाली. "दिवसातून तीनदा अंघोळ करणाऱ्यालाही होते. अंगाला अंग लागलं, हातात हात राहिला दहा-पंधरा मिनिटं, की झालं. तुम्ही काय करता?"

"लहान मुलांना लिहायला शिकवते. हात धरून."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग हे आजच शाळेत सांगा. सगळ्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना एकाच दिवशी औषध लागलं पाहिजे. एकेकाने लावलं तर ते नुसतं फिरत राहील. आज सांगाल ना?"

"आजच सांगते," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मानेपासून तळपायापर्यंत मलम चोपडून दोघं खोलीच्या मधोमध उभी राहिली. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल सगळं उकळायला टाकलेलं, बसायचं तर कशावर बसायचं? "नुकता रंग दिलेल्या भिंतीसारखी दिसतेस," फ्रेमवाले म्हणाले. "हात लावू नका अशी पाटी लावू का?" हसू आलं, पण पुरतं आलं नाही.

आजच सांगते म्हणाल्या, आणि तीन दिवस सांगितलं नाही. पहिल्या दिवशी मोठ्या बाई घाईत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याजवळ पाहुणे बसले होते. तिसऱ्या दिवशी दार उघडं होतं, त्या एकट्या होत्या, आणि बाई दारावरून तीनदा येऊन-जाऊन वर्गात परतल्या. मलमाने त्यांची खाज मात्र उतरायला लागली होती. गुपचूप बरं होऊन जावं, कोणाला कळूच नये, असा विचार मनात आला होता, हेही त्यांनी मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी पालकांची सभा होती. बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. मोठ्या बाई म्हणाल्या, "काळजीचं कारण नाही. ज्या घरातून हे आलं, त्या मुलीला आपण तूर्त..."

मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. बाई उभ्या राहिल्या होत्या.

"तिने नाही आणलं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून तिला झालं. मला तिच्या कितीतरी आधीपासून आहे. मला कोणाकडून आलं ते माहीत नाही, आणि ते शोधूही नका."

घड्याळवाल्या मालकांनी पाय बाकाखाली ओढून घेतले. मग मागून एका आईचा आवाज आला, चिडलेला नव्हता, समजून घेऊ बघणारा होता, आणि तोच जास्त लागला असणार. "पण बाई, तुम्ही तर आमच्या मुलांचे हात धरत होता."

"हो."

"माहीत असताना?"

"हो."

नंतर त्यांनी डॉक्टरीणबाईंचा कागद काढून वाचला. कोणत्या दिवशी लावायचं, कुठे कुठे लावायचं, कपडे कसे उकळायचे, आठवड्याने पुन्हा कसं लावायचं. अंघोळीचा संबंध नसतो, मी मुलांना इतकी वर्षं चुकीचं शिकवलं, हेही त्या म्हणाल्या. मी भिंतीशी उभी होते. मीही बोट दाखवलं होतं हे सांगायची तीच वेळ होती. मी कागद वाटायला घेतले.

सभा संपल्यावर बाईंनी मोठ्या बाईंना विचारलं, "डावरीची आई दिसली नाही."

"तिला कुठे बोलावलं होतं? मुलगी वर्गात नाही ना सध्या."

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर बाई लॉन्ड्रीकडे निघाल्या. मला त्यांनी ये म्हटलं नाही. मीच त्यांच्या मागून चालायला लागले. दारातच वाफेचा लोट तोंडावर आला. आत लांबच लांब टेबलं, ओल्या चादरींचे ढीग, आणि एक यंत्र चादर गिळून दुसऱ्या बाजूने सपाट करून बाहेर टाकत होतं. डावरीची आई त्या बाजूला उभी राहून घड्या घालत होती. तिने आम्हाला पाहिलं. हात थांबवले नाहीत.

बाईंनी सांगितलं. यंत्राच्या आवाजात त्यांना जवळजवळ ओरडून सांगावं लागलं. मला होती, मला माहीत होतं, मी तिचं नाव घेतलं.

"हे तुम्ही मला इथे का सांगताय?" ती म्हणाली. "त्या दिवशी व्हरांड्यात वीस बायका होत्या."

"काल सांगितलं सगळ्यांना. सभेत."

"मी नव्हते त्या सभेत."

घडी, आणखी एक घडी. मग ती म्हणाली, "पोरगी मला एवढंच विचारते, आई, मी अंघोळ नीट करत नाही का? घासणीने घासून घेतलंन अंग. भांड्यांच्या. दोनदा. दुसऱ्या वेळी रक्त आलं तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, असं कोणी सांगितलं तुला? म्हणे, बाईंनी. तक्त्यात आहे."

बाई तिथल्या ओल्या फरशीवर मटकन बसल्या. कोणी त्यांना उठवलं नाही. मीही नाही. मला माझी ती चिमूट आठवत होती.

चादरींच्या ढिगामागून डावरी बघत होती. शनिवारी आई तिला कामावर आणायची. बाईंनी तिला हाक मारली तसे तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"उठा," शेवटी तिची आई म्हणाली. "पाणी आहे खाली. माफी मला नको. सोमवारी शाळा सुटताना गेटवर उभ्या राहा आणि ज्या बायका तिथे होत्या त्यांना सांगा. मी येते ऐकायला."

सोमवारी बाई गेटवर उभ्या राहिल्या. एकेकीला थांबवून सांगितलं. बऱ्याच जणींना सभेमुळे आधीच माहीत होतं, त्या "असू दे हो, जाऊ दे" म्हणून घाईने सटकत होत्या. काही जणी मुलाला दुसऱ्या हाताला घेऊन गेल्या. डावरीच्या आईला कामावरून सुटायला उशीर झाला, ती पोचली तेव्हा गेट रिकामं होतं. म्हणून मंगळवारी बाई पुन्हा उभ्या राहिल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ह्या वेळी ती रस्त्याच्या पलीकडे उभी राहून ऐकत होती. झाल्यावर ती निघून गेली. मी बाईंच्या शेजारी उभी होते. त्या मंगळवारी तरी मी तोंड उघडलं, म्हटलं, मीही तिचंच नाव घेतलं होतं. ते ऐकायला तेव्हा फक्त शिपाईमामा आणि एक आजोबा उरले होते.

सगळ्यांनी एकाच रविवारी औषध लावलं. महिन्याभरात वर्ग साफ झाला. मोठ्या बाईंनी बाईंना लेखी ताकीद दिली. पाच मुलांच्या पालकांनी वर्ग बदलून मागितला, त्यातलं एक डावरीचं घर. ती माझ्या वर्गात आली. डाव्या हाताला वळण कसं लावायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी मधल्या सुट्टीत बाईंना विचारून यायचे आणि तिला सांगायचे, आणि हे कुठून येतं ते तिला सांगायचे नाही. ती सगळ्या बाईंना शिट्टी मारत नमस्ते म्हणायची. बाई समोरून आल्या की मात्र ती भिंतीच्या बाजूला सरकून, खाली बघत जायची. लाज कोणाला वाटायला हवी होती आणि वाटत कोणाला होती!

बाईंनी तो तक्ता काढून टाकला. त्यानंतर त्यांना जे काही व्हायचं, ते त्या वर्गाच्या दारावर कागद लावून लिहायच्या. बाईंना डोळे आले आहेत. बाईंना सर्दी आहे, लांबून बोला. पालक आधी हसले, मग त्यांतले काही आपल्या मुलांचंही त्याखाली लिहायला लागले. स्टाफरूममध्ये तापाचा आकडा सांगणं मात्र त्यांनी सोडून दिलं.

चार वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात मोठ्या बाईंनी भाषण केलं. "तीस वर्षांच्या सेवेत," त्या म्हणाल्या, "एकही तक्रार नाही." टाळ्या पडल्या. ताकीद देणाऱ्याही त्याच होत्या, आणि हॉलमधल्या निम्म्या लोकांना ते माहीत होतं. मी बाईंकडे पाहिलं. त्या मांडीवरच्या फुलांकडे बघत होत्या, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाल्या होत्या. मला वाटलं आता त्या उठतील. त्या उठल्या नाहीत. आभाराचे दोन शब्द बोलून बसल्या.

बाहेर पडताना त्यांनी मला विचारलं, "तू का नाही काही बोललीस?"

"तुमचा समारंभ होता बाई. तुमचा मान होता."

"म्हणूनच मीही नाही बोलले," त्या म्हणाल्या. मग थोडं चालून गेल्यावर, फुलं ह्या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या, "बघ ना, इतकं होऊनसुद्धा."

फ्रेमवाले कोपऱ्यावर स्कूटर चालू ठेवून उभे होते. त्या मागे बसल्या आणि दोघं गेली.